बारा फुटांवर दहा मिनिटं : प्रकल्पाच्या नोंदी

३ एप्रिल २०२५, गुरुवार

ऑफिसात लोकांचे जमाखर्च लिहिण्यात पंचवीस वर्षं गेली. ही वही माझी.

उद्दिष्ट : तरणतलावाच्या खोल बाजूला, १२ फूट पाण्यात, कशालाही न धरता १० मिनिटं उभं राहणं. मुदत उन्हाळी बॅच संपेपर्यंत, म्हणजे ८ जून. वय ४९, वजन ६२ किलो. पोहता येतं का? येतं. २५ मीटरच्या दोन फेऱ्या ब्रेस्टस्ट्रोकने होतात, तिसरीला कठडा लागतो.

मग हा उद्योग कशाला? गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या बडोद्याची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. ओट्यावरून उतरून समोरच्या घरी जायचं, पंधरा पावलं. चौथ्या पावलाला पायाखालचं गटाराचं झाकण हललं आणि पाय सुटला. मी, पोहता येणारी बाई, दोन्ही हात वर करून किंचाळले, नाकातोंडात पाणी जाईपर्यंत किंचाळत राहिले. समोरच्या मुलाने दोर टाकला म्हणून निभावलं. पोहणं म्हणजे इथून तिथे जाणं. तिथे कुठे जायचंच नव्हतं, नुसतं वर राहायचं होतं, आणि ते मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

विश्वामित्रीत सराव करायचा तर आधी मगरींची परवानगी काढावी लागेल. तेव्हा तरणतलाव. सकाळी सहाची महिलांची बॅच.

७ एप्रिल, सोमवार

पहिली चाचणी. वेळ ५२ सेकंद. बाहेर आल्यावर नाडी १५६.

सर काठावर होते. हे गुजराती, तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून वॉटर पोलो खेळलेले. त्या खेळात आठ-आठ मिनिटांचे चार डाव असतात आणि तळाला पाय टेकवायचा नसतो. ५२ सेकंदांचा माझा तमाशा त्यांनी शांतपणे पाहिला आणि एवढंच म्हणाले, "बेन, पाणीने मारो नहीं, पाणीने दबावो." म्हणजे पाण्याला मारू नका, पाण्याला दाबा.

मी मारत होते, हे खरंच. तळवे थापटत होते, पाय जिना चढल्यासारखे चालले होते आणि हनुवटी आभाळाकडे.

९ एप्रिल

४८ सेकंद.

११ एप्रिल

५५ सेकंद. प्रगती शून्य, भूक दुप्पट. येताना सेव-उसळ खाल्ली. ती खर्चाच्या बाजूला.

१३ एप्रिल, रविवार

आज तलाव नाही, घरचा प्रयोग. आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून उतरवलं, मोठ्या परातीत ठेवलं, काठोकाठ भरलं. मी नाक चिमटीत धरून डोकं उलटं आत घातलं, हनुवटीपर्यंत. लेकीने माझे केस कोंबले आणि परातीत सांडलेलं पाणी एक लिटरच्या मापाने मोजलं. तीन मापं भरून चौथं पाऊण. पुन्हा घंगाळ भरलं, पुन्हा डोकं. या वेळी थोडं जास्त भरलं, पण आपण पावणेचार लिटर धरू. मग फक्त भुवयांपर्यंत बुडवून मोजलं : सव्वा लिटर. सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, देवघरात जाऊन घंटा मात्र जरा जोरात वाजवली.

आता हिशेब. आपण जितकं पाणी बाजूला सारतो तितक्या वजनाने पाणी आपल्याला उचलतं. एका लिटरला एक किलो. डोकं बुडालेलं असतं तोवर त्याचे पावणेचार किलो पाणी उचलतं. हनुवटी वर काढली की तो आधार गेला, ते पावणेचार किलो माझ्या पायांवर.

परवा पाण्यात पाहिलं होतं : छाती भरून श्वास घेतला आणि हातपाय न हलवता उभी राहिले, तर पाणी भुवयांशी येऊन थांबतं. म्हणजे सव्वा लिटरचं डोकं बाहेर ठेवण्याइतकी शिल्लक माझ्यापाशी फुकट आहे. बाकीचे अडीच किलो रोख मोजायचे, पायांनी. श्वास पूर्ण सोडला तर छातीतली तीनेक लिटर हवा जाते, तूट साडेपाच किलोंवर. एक हात खांद्यापासून वर केला की आणखी तीनेक किलो.

मी पुरात दोन्ही हात वर केले होते आणि किंचाळून छाती रिकामी केली होती. साडेपाच अधिक सहा, साडेअकरा किलो. वर येते कशाला.

१६ एप्रिल, बुधवार

आत्या आली. वय ७१. मुंबईहून महिनाभरासाठी आलीय, सकाळी "मी पण येते गं तुझ्याबरोबर" म्हणून निघाली. ही आजोळी, वाईजवळच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली. सरांनी वय ऐकून आधी उथळ बाजूला पाठवलं. तिने एक फेरी मारून दाखवली आणि सरळ खोल बाजूला आली.

आणि तिथे उभी राहिली. नुसती उभी. पाणी हनुवटीच्या खाली, खांदे हलत नाहीत, तोंड सुरू. चुलतबहिणीच्या मुलाचं लग्न का मोडलं ते सगळं मला पाण्यात सांगितलं, मी कठडा धरून ऐकलं. सहा मिनिटं तरी झाली असतील. मी विचारलं, आत्या, पाय काय करतेस? तिला सांगता येईना. "अगं, काही नाही करत. पाटावर बसल्यासारखं बसायचं."

गॉगल घालून खाली बघितलं. खरोखरच बसली होती. पाठ ताठ, मांड्या पाण्याला जवळजवळ समांतर, गुडघे फाकलेले, आणि गुडघ्यांखाली दोन पाय आपापली गोल फिरतायत, एक इकडे तर दुसरा तिकडे. घाई नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सर म्हणाले, तुमच्या आत्या करतात त्याला आमच्या खेळात एगबीटर म्हणतात, अंडं फेटायच्या त्या हातयंत्रावरून. आत्याला हे नाव अजिबात पटलेलं नाही. "दळायची जाती म्हण. दोन पायांनी दोन जाती."

दोन जाती हेच बरोबर. वरून पाहिलं तर उजवा पाय घड्याळाच्या उलट फिरतो, डावा घड्याळाप्रमाणे. पाऊल घोट्यात वर मुडपलेलं आणि बाहेर वळवलेलं, म्हणजे तळव्याने आणि नडगीच्या आतल्या अंगाने पाणी खाली दाबलं जातं. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ दोन्ही पायांनी एकदम बसते : मारली की वर, आवरली की खाली, विहिरीतल्या कळशीसारखं. जात्यात एक पाय परतत असतो तेव्हा दुसरा दाबत असतो. मध्ये खाडा नाही, म्हणून हनुवटी एका जागी राहते.

हातांचं काम त्यामानाने सोपं निघालं. कोपर अंगाशी, तळवे किंचित तिरके, बाहेर-आत, बाहेर-आत. जमीन सारवताना फिरतात तसे. हात थापटायचे नाहीत. सारवायचं.

कठड्याच्या पायरीवर बसून अर्धा तास नुसते पाय. मग चाचणी : १ मिनिट ४० सेकंद.

२३ एप्रिल

दोन्ही गुडघे आतल्या बाजूने दुखतायत. सरांच्या मते मी गोल मांडीच्या सांध्यातून न फिरवता गुडघ्यातून पिळतेय. दोन दिवस सुट्टी. घरी जमिनीवर बसून मांड्या मोकळ्या करणं. खुर्चीवर बसून बसून मांडी घालणंही विसरत चालले होते, आत्या अजून उखिडवी बसून भाजी निवडते.

२७ एप्रिल, रविवार

शारीरिक श्रमांचा एक प्रमाणित तक्ता असतो, त्यात स्वस्थ बसण्याला १ धरतात. त्यात पाण्यात उभं राहण्याच्या दोन नोंदी सापडल्या : मध्यम श्रमाने ३.५, जोर लावून ९.८. काम एकच, आणि भावात जवळजवळ तिप्पट फरक! ३.५ म्हणजे बऱ्यापैकी चालणं. ९.८ म्हणजे धावणं. माझे ५२ सेकंद कुठल्या नोंदीतले होते ते वेगळं सांगायला नको.

श्वासाचाही हिशेब लावला. नेहमीच्या श्वासात अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते, म्हणजे दर श्वासाला अर्धा किलो वर-खाली. हा चढउतार भरपूर आहे. उपाय : छाती बरीचशी भरलेलीच ठेवायची, सोडायचा तो पटकन, घ्यायचा तो लगेच. सावकाश लांब उच्छ्वास ही योगाच्या वर्गातली सवय इथे घातक.

आज याच पद्धतीने २ मि. ५० से. नाडी १३८.

२ मे, शुक्रवार

४ मि. ०५ से. आणि थांबले ती पाय थकले म्हणून नव्हे. हे लिहून ठेवलंच पाहिजे.

पहिली दोन मिनिटं कामात जातात : पाय बघ, हात बघ, श्वास बघ. तिसऱ्याला सगळं आपोआप व्हायला लागतं आणि डोकं रिकामं होतं. रिकाम्या डोक्यात काय शिरतं, तर खाली १२ फूट आहे. दहा मिनिटांपूर्वीही १२ फूटच होतं, पण तेव्हा वेळ नव्हता. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर जाते. फेरी मारताना समोरून कठडा येत असतो, निदान तो जवळ येतोय हे दिसतं. इथे काहीच जवळ येत नाही. काटा हलतो पण इतका आळशी की बंद पडलाय का अशी शंका यावी. मग हनुवटी आपोआप वर, अर्धा इंच, मग एक इंच. हनुवटी वर गेली की तूट वाढते, तूट वाढली की पाय जोरात, पाय जोरात की धाप, धाप लागली की खरंच भीती वाटण्याजोगं काहीतरी होतं. सगळी साखळी त्या अर्ध्या इंचापासून.

म्हणजे भीतीचं माप माझ्या बाबतीत तरी हनुवटीवर मिळतं. मनाला सांगून ते खाली येत नाही. कान पाण्याला लावले की येतं. डोकं जरा मागे टाकायचं, कानांत पाणी, आवाज बंद, तोंड वर. अशाने निम्मं डोकं परत पाण्याच्या खात्यावर जातं.

५ मे

पाढे सुरू केले. २९ चा, मोठ्याने. आजीने पावकी-निमकीसुद्धा पाठ करून घेतली होती, पण पाण्यात निमकी जमत नाही, २९ जमतो. अटकलं की समजायचं, जोर जास्त लागतोय. कठड्यावरच्या बायकांना वाटतं, ही काहीतरी मंत्र म्हणते. एकीने विचारलंही, कुठल्या गुरूंचा?

५ मि. २० से.

१० मे, शनिवार

आज चाचणी नाही झाली.

महिलांची बॅच संपत आली होती, पुढच्या बॅचची मुलं उतरायला लागली होती. तलावाच्या मध्यावर तळ उतरता होतो, तिथे एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा. मी त्याच्याकडे बघत होते, कारण मला वाटलं हाही माझ्यासारखा उभं राहायला शिकतोय. तोंड आभाळाकडे, उघडं, नेमकं पाण्याच्या रेषेवर. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबतोय. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नाही, उलट कशात तरी गढून गेल्यासारखा. पाय मात्र नुसते लोंबत होते. ते दिसलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण हे माझे पहिले ५२ सेकंद होते, फक्त पाय वजा. मी "सर!" म्हणून ओरडले. जीवरक्षकाने बांबू पुढे केला, त्याने तो धरला, वर आला, खोकला, आणि रडायला लागला ते वर आल्यावर. तोपर्यंत एक शब्द नाही. त्याच्यापासून दोन हातांवर त्याचेच मित्र एकमेकांवर पाणी उडवत होते.

नंतर सरांनी सांगितलं. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं चित्रण करून हेच टिपलं होतं : खरा बुडणारा माणूस हात हलवत नाही आणि ओरडत नाही. ओरडायला आधी श्वास लागतो, आणि तोंड पाण्याबाहेर असतं तेवढ्या क्षणात फक्त श्वासच होतो. हात तर पाणी दाबण्यात अडकलेले. असं साधारण २० ते ६० सेकंद, मग खाली. ओरडणारा, हात करणारा अजून स्वतःला थोडीफार मदत करू शकतो. गप्प असलेल्याकडे आधी धावायचं. आणि धावायचं म्हणजे उडी नाही. बांबू, ट्यूब, दोर.

मी पुरात किंचाळत होते म्हणजे मी त्या घटकेपर्यंत पोचले नव्हते तर. हे समाधान आहे की नाही कळत नाही.

घरी येऊन चहा केला, तो गॅसवर उतू गेला.

१४ मे

पोटरीत गोळा. तीन मिनिटांवर. घाबरले नाही : पाठीवर पडले, पावलाचा पुढचा भाग हाताने पोटाकडे ओढला, सुटला. बाहेर येऊन केळं खाल्लं.

१८ मे, रविवार

८ मि. ०० से., नाडी १२२. आत्या शेजारी. तिचं आज दुखऱ्या गुडघ्याचं पुराण चालू होतं, तरी तिचा श्वास माझ्याहून संथ.

घरी लेकीने विचारलं, लाइफ जॅकेट घालून किती वेळ राहशील? जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोंची उचल, १०० म्हणजे दहा. माझी तूट अडीच किलो. दीड महिना, दोन दुखरे गुडघे आणि एवढे पाढे खर्चून मी जे मिळवलं त्याच्या दुप्पट उचल ५० न्यूटनचं साधं जॅकेट देतं, आणि हातपाय न हलवता देतं. बक्कल मात्र लावलेलं हवं.

१८ जानेवारी २०२४ ला इथे हरणीच्या तलावात बोट उलटली. सहलीला आलेली १२ शाळकरी मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीतल्या बहुतेकांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. त्यानंतर बडोद्यात पोहण्याच्या वर्गाला नाव घालणाऱ्यांची रांग लागली होती, आमच्या ऑफिसातले तिघे त्या रांगेत होते. रांग चांगलीच. पण पहिला प्रश्न जॅकेटचा.

२४ मे, शनिवार

कपड्यांची चाचणी. पुरात कुणी कॉश्च्यूम घालून नसतं. सरांकडून परवानगी : धुतलेला सुती सलवार-कमीज, ओढणी नाही, सर स्वतः काठावर ट्यूब घेऊन.

समज अशी होती की ओले कपडे खाली ओढतात. पाण्यात त्यांचं वजन जवळपास जाणवतच नाही, उलट पहिलं मिनिटभर पाठीवर कमिजात हवेचा फुगा होता आणि तो चक्क वर उचलत होता. अडचण दुसरीच. सलवार गुडघ्यांना चिकटते, जात्याचा गोल लहान होतो आणि प्रत्येक फेऱ्याला कापड ओढत न्यावं लागतं. ३ मि. ३० से. ला पाढा अटकला. तेव्हा जाती सोडली, पाठीवर टेकले, कान पाण्यात, हात सारवत. तशी आणखी पाच मिनिटं सहज गेली.

कपड्यांचं वजन कळलं ते शिडी चढताना. दुसऱ्या पायरीवर थबकलेच, मागून कुणी धरल्यासारखं. घरी ताणकाट्यावर : कोरडे ६०० ग्रॅम, ठिबकत असताना सव्वादोन किलो.

१ जून, रविवार

९ मि. १० से. पुढे जाता आलं असतं. कोपऱ्यातल्या बाईने शिंक दिली, मी हसले, पाणी गिळलं.

गल्लीतल्या काकांनी विचारलं, म्हणजे आता पूर आला तर तू तरणार? नाही हो काका. हे साचलेलं, स्वच्छ, दिवे लावलेलं पाणी आहे. पुराचं पाणी वाहतं. त्यात उभं राहून उपयोग नाही, पाय खालच्या कशात अडकले तर प्रवाह वरून दाबून धरतो. तिथे पाठीवर, पावलं वर, प्रवाहाच्या दिशेला. शिवाय गटार, विजेच्या तारा आणि आपल्या बडोद्याच्या मगरी. पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर काय काय न्यायचं त्याची यादी वेगळ्या वहीत केलीय.

६ जून

उद्या-परवाचा विचार करून रात्री झोप नाही. दहा मिनिटांसाठी! बोर्डाच्या परीक्षेला नव्हतं असं झालं.

८ जून, रविवार

सकाळी ६.२०. पाणी कोमट. आत्या परवाच मुंबईला गेली, जाताना म्हणाली, "घड्याळाकडे बघू नकोस, कुणाशी तरी बोल." तर शेजारच्या वहिनींना कठड्यावर बसवून घेतलं. त्यांना पाण्याची इतकी भीती की पाय सोडून बसतानाही मागे खांब धरलेला. त्यांच्या सुनेची नोकरी, लोणच्याला कैऱ्या कुठून आणल्या, किलोला काय पडल्या, सगळं झालं. चौथ्या मिनिटाला हनुवटी वर चाललेली कळली, कान बुडवले, वहिनींचं लोणचं क्षणभर मुकं झालं. सातव्याला गुडघा कुरकुरला, गोल लहान केला. नवव्याला सर काठावर येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत.

१० मि. २५ से. नाडी ११६.

वर आले तर वहिनी विचारत होत्या, पुढची बॅच कधीची. नाव घातलं. फी भरण्याआधी रविवारी घरी बोलावलंय, घंगाळ अजून माळ्यावर टाकलेलं नाही.